अर्धलीचं शिंगरू

आमच्या जुन्या घरात मधल्या खोलीच्या खुंटीला एक रिकीब लटकलेली असायची. एकच. जोडीतली दुसरी कधी आणि कुठं गेली, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दसऱ्याला आबा, म्हणजे माझे आजोबा, ती खाली काढायचे, राखेनं घासून तेलाचं बोट लावायचे आणि दरसाल तेच वाक्य बोलायचे, "आपल्या दावणीला पाच घोडी हुती." कधी होती म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "पेशवाईत." आबांच्या जन्माआधी जे काही झालं ते सगळं पेशवाईतच झालेलं असायचं. प्रत्यक्षात आबांनी, त्यांच्या वडिलांनी किंवा आमच्यापैकी कुणीही घोड्यावर मांड टाकलेली नव्हती. आमच्या दावणीला दोन बैल, एक म्हातारी गाय आणि एक शेळी. घोडं म्हणजे खुंटीवरची रिकीब, एवढंच.

गाव नीरेच्या काठचं, शिरवळ आणि लोणंदच्या मधलं. वीर धरणाचं पाणी खालच्या गावांना गेलं, आमचं शिवार वरच्या अंगाला, माळाचं. दिवाळी झाली की फलटणकडचे धनगरांचे वाडे आमच्या शिवारातून भोरकडं सरकायचे आणि तिथून वरंध घाटानं खाली महाडला, कोकणात उतरायचे. जेठात पाऊस लागायच्या आत त्याच वाटेनं परत. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री आणि घोडी, हा सगळा चालता संसार म्हणजे वाडा. शेतकरी त्यांची मेंढरं दोन-तीन रात्री रानात बसवून घ्यायचे, लेंडीखत मिळायचं आणि बदल्यात पायली-दोन पायली धान्य द्यायचे. पुरुष मेंढरांमागं रानोमाळ फिरायचे. बिऱ्हाड मात्र बायकांच्या ताब्यात, आणि बिऱ्हाड ज्यांच्या पाठीवर ती घोडीही बायकांच्याच ताब्यात. पालाचं कापड, उलटी बाज, जर्मनची भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि या सगळ्याच्या मधोमध पेंगणारं एखादं पोर, एवढं घेऊन ती बुटकी, आडव्या बांध्याची घोडी खाली मान घालून चालायची. त्यांना कुणी घोडा म्हणतच नसे. तट्टू म्हणत. तेही जरा हसून.

साल १९७२. पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीची वाट न बघता वाडे दसऱ्यालाच निघाले. आमच्या रानात एक वाडा उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची एक घोडी पोटशूळ होऊन पडली. लोळली, उठली, पुन्हा लोळली. संध्याकाळपर्यंत मेली. चारा नव्हता, भुकेपोटी काय खाल्लं असेल कोण जाणे. तिच्या मागं तीन आठवड्यांचं शिंगरू होतं. मेलेल्या आईच्या पोटाशी तोंड लावून ते धडका देत राहिलं. मी अकरा वर्षांचा होतो. आजही ते डोळ्यापुढून जात नाही.

वाड्याची कारभारीण एक म्हातारी होती. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे तिला म्हातारीच म्हणत. वाड्यात दुसरी दुभती घोडी नव्हती. असती तर तिनं शिंगराला तिच्या अंगाखाली लावायची खटपट केली असती. ती आबांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "पाटील, हे लेकरू घाट उतरायचं न्हाई. तुमी सांभाळा. अर्धलीनं."

अर्धली म्हणजे निम्मा वाटा. जनावर एकाचं, पोसणार दुसरा. मोठं झालं की पंचांनी किंमत करायची आणि दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. शेळ्या, कालवडी अशा अर्धलीनं गावोगाव पोसल्या जात. घोडं अर्धलीनं घेतल्याचं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. शिवाय आबा पाटील नव्हते. पण खुंटीवर रिकीब होती ना. आबा हो म्हणाले.

आज्जीनं त्या रात्री चूल पेटवली नाही. तिचंही खरंच होतं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, रेशनवर अमेरिकेचा मिलो यायचा, तो तांबडा जोंधळा चावता चावत नसे. पोरांना सुकडी मिळायची. "मान्साला कोंड्याची भाकर आन घोड्याला चंदी घालनार व्हय?" असं ती दारातून ओरडली. शेळीचं दूध माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. ते आता दोघांत वाटलं गेलं. बहीण त्या वर्षी फार रोडावली, आणि आई त्याबद्दल आबांना पुढं कधीही, एका शब्दानंही, बोलली नाही. न बोलणं हेच तिचं बोलणं होतं.

म्हातारी जाताना ज्या चार गोष्टी सांगून गेली त्या मला पुढच्या सगळ्या शिक्षणापेक्षा पक्क्या आठवतात. पहिले पंधरा दिवस रात्रीसुद्धा दर दोन-अडीच तासांनी पाजायचं, एका वेळी थोडंच. शेळी ओट्यावर उभी करायची म्हणजे शिंगराला मान वर करून ओढता येतं. त्याला हगवण लागली तर घाबरायचं नाही. एखाद्या निरोगी घोडीची ताजी लीद आणून पुढं टाकायची, ते स्वतःच चाटतं, त्यानं पोट धरतं. आम्हाला याची किळस आली होती. पुष्कळ वर्षांनी एका पशुवैद्याकडून कळलं की शिंगरं आईची लीद खातात ती त्यासाठीच, पचनाला लागणारे जंतू त्यातून पोटात जातात. चौथी गोष्ट मात्र आम्हा पोरांना पटली नाही. ती म्हणाली, "त्याच्यासंगं खेळू नगा. मान्सात वाढलेलं शिंगरू मान्सालाच घोडं समजतंय. आज लाडानं पाय टाकंल, उद्या डोकं फोडंल. कुनीतरी चार पायाचं द्या त्याच्या जोडीला." गावात चार पायाचं, त्याच्या जवळपासच्या जातीचं असं एकच मिळण्यासारखं होतं, कुंभाराची गाढवी. कुंभार तयार झाला. आबांचं पाखऱ्या, हे नाव त्यांनी रिकिबीकडं बघत ठेवलं होतं, असं गाढवीच्या शाळेत दाखल झालं. सगळा गाव हसला. गाढवीनं त्याला दोन महिन्यांत शिकवलं की चावलं की लाथ बसते, आणि कान मागं पाडलेल्या बाईच्या वाटेला जायचं नसतं.

इथं जरा थांबून या तट्टांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ज्याला गाव हसला त्याच्या पूर्वजांवर आम्ही शाळेत निबंध लिहीत होतो. थडी म्हणजे नदीचा काठ. गोदावरीची ती गंगथडी, भीमेची ती भीमथडी. पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाच होता, आजच्या दौंड-बारामतीकडचा मुलूख. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या कोरड्या खोऱ्यांत पैदा झालेली तट्टं ती भीमथडीची. या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यालं, १७५८ साली अटकेपर्यंत मजल मारली, हे आपण अभिमानानं सांगतो. मराठी फौजेत घोडेस्वार दोन जातींचे. स्वतःचं घोडं घेऊन येणारा शिलेदार, आणि सरकारी पागेतलं घोडं मिळालेला बारगीर. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासदानं लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय आधी, मग लढाई. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव अजून आहे. नुसतं नाव उच्चारलं तरी त्या काळाची घोडी कानावर टापा वाजवतात.

पण ही घोडी वाढवत कोण होतं? पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि एक घोडा घेऊन जुन्नरला आला. घोडा विकून नफा कमवायचा त्याचा बेत होता. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला, पुढं परतही दिला. निकितिननं लिहिलंय की या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि रेडेच जन्मतात. इथं घोड्यांना हरभरे आणि तूप-साखर घातलेली खिचडी चारतात. मला नेहमी वाटतं, त्यानं बघितला तो बंदरातून आलेल्या अरबी घोड्यांचा बाजार. माळावर पालाशेजारी चरणारं तट्टू त्याच्या नजरेला घोडा म्हणून दिसलंच नसणार. आमच्या गावाला तरी कुठं दिसलं? अरबी, इराणी रक्त पुढं या देशी तट्टांत मिसळत गेलं आणि दख्खनी घोडं घडलं. बखरीत घोड्याची किंमत येते, रंग येतो, कोण कुणाला नजर केला ते येतं. त्याला रात्री उठून दूध कुणी पाजलं ते येत नाही.

१८१८ नंतर पागा मोडल्या. चाबूकस्वार, मोतद्दार, नालबंद यांचा धंदा संस्थानांपुरता आणि पलटणींपुरता उरला. इंग्रजांना आपल्या रिसाल्यासाठी उंच घोडं हवं होतं. मग सडका झाल्या, आगगाडी आली, तट्टू टांग्याला जुंपलं गेलं, पुढं तेही नको झालं. पागेतली विद्या पागेबरोबर गेली. आमच्या घरात तिची एक रिकीब उरली. वाड्याला मात्र पेशवाई आली काय नि गेली काय, बिऱ्हाड हलवायचं तर घोडी लागणारच होती. म्हणून ही जात टिकली ती तिथं.

१९७३च्या जेठात वाडा परत आला. पाखऱ्या आठ महिन्यांचा झाला होता, शेळी सुटून कडब्याच्या चघळावर आला होता. म्हातारीनं त्याचे कान, खूर, शेपटाखालची जागा बघितली. गळ्याखाली केसांचा भोवरा होता. तो देवमण, शुभ, असं आबांनी मोठ्या जाणतेपणानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "भवरा काय करतोय पाटील, पाय बघा." तेव्हापासून वर्षातून दोनदा आमची परीक्षा असायची, जाताना एक आणि येताना एक.

तिसऱ्या वर्षी आम्ही नापास झालो. चैत्रात यात्रा होती आणि धाकट्या चुलत्यांना त्या मिरवणुकीत घोड्यावर बसून मिरवायचं होतं. पाखऱ्या अडीच वर्षांचा, दुधाचे पुढचे दोन दात नुकतेच पडून आले होते. दिसायला भरला होता. आबा चार दिवस परगावी गेलेले बघून चुलत्यांनी वरातीची घोडी नाचवणारा एक माणूस बोलावला. त्यानं पाखऱ्याचे पुढचे पाय बांधले, तोंडात काटेरी कडी घातली आणि चुलत्यांना वर बसवलं. मी बघत होतो. त्यालाच घोडं फोडणं म्हणतात. पाखऱ्या आधी नुसता थरथरला. मग उधळला, चुलते पडले, त्यांचा खांदा निखळला. लगाम त्या माणसाच्या हातात ताणलेलाच राहिला आणि कडीनं पाखऱ्याची जीभ आणि ओठाचा कोपरा फाटला. खरं सांगायचं तर बोलावणं घेऊन त्या माणसाकडं मीच गेलो होतो. मलाही मिरवायचं होतं. चुलत्यांच्या मागं बसायला मिळेल असं कबूल झालं होतं.

त्यानंतर त्यानं तोंडाला हात लावू दिला नाही. माझाही नाही. मोरखी चढवायला गेलं की डोळ्यांचं पांढरं दिसायचं. आबा परत आले तेव्हा कुणावर ओरडले नाहीत, फक्त रिकीब खुंटीवरून काढून ट्रंकेत टाकली.

जेठात म्हातारी आली. आम्ही सगळे खाली माना घालून उभे. तिनं लांबूनच बघितलं आणि विचारलं, "कोन बसलं हुतं?" कुणी बोललं नाही. "बसनाऱ्याला ठेवा. बघनाऱ्याला पाठवा," म्हणाली. तिनं हे कसं ओळखलं, मला माहीत नाही. माझ्याच वयाची तिची नात आणि मी, असे आम्ही दोघं कामाला लागलो. पाऊस डोक्यावर होता, वाड्याला घर गाठायचं होतं, तरी म्हातारीनं मुक्काम चार दिवस वाढवला. मेंढरांना चारा नसताना चार दिवस म्हणजे काय, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

पहिल्या दिवशी काहीच करायचं नव्हतं. त्याच्यापासून दहा पावलांवर पाठ करून बसायचं. ऊन, माशा आणि कंटाळा. तिन्हीसांजेला तो मागून आला आणि माझ्या मानेवर ऊन ऊन फुंकर बसली. वळायचं नाही, असं बजावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याशी उभं राहून मानेच्या मुळाशी खाजवायचं, जिथं घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात तिथं. समोरून जायचं नाही, समोरून वाघ येतो. तिसऱ्या दिवशी गळ्यात मोकळा दोर. "वढायचं न्हाई," म्हातारी म्हणायची, "नुस्तं ताटवायचं. त्यानं येक पाय टाकला की त्याच दमाला ढिलं सोडायचं. ढिलं सोडल्यालं त्याला कळतंय, वढल्यालं न्हाई." मी ढिलं सोडायला क्षणभर उशीर केला की ती खडा मारायची. मला, त्याला नाही. तीनशे वेळा तरी चुकलो असेन. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो नुसत्या मोकळ्या दोरावर माझ्यामागं ओढ्यापर्यंत आला.

पुढचं सगळं ती सांगून गेली आणि आम्ही केलं. आधी पाठीवर रिकामं पोतं, मग दुमडलेलं घोंगडं. दिवाळीला वाडा आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत एकेक कोकरू. कोकरं कानाशी बें-बें करतात, हलतात, मुततात, आणि त्यांचं वजन काहीच नाही. जो त्यांना घेऊन शांत चालला, तो पुढं कशालाही बुजत नाही. त्यानंतर नातीनं त्याच्या पाठीवर आडवं, पोटावर पडायचं, पाच-दहा दम मोजायचे आणि उतरायचं. तोंडात लोखंड कधीच घातलं नाही, नुसती सुती मोरखी. तो कंटाळायच्या आधी थांबायचं, म्हणजे उद्या आपणहून येतो. मांड टाकायची ती चार दात पडून आल्यावर, तोवर पाठीचं हाड भरत नाही. आबा हे सगळं ओट्यावरून बघायचे. पागेतल्या अगाडी-पिछाडीच्या, चाबकाच्या ऐकीव गोष्टी त्यांनी सांगायच्या सोडल्या.

१९७६च्या दिवाळीत पाखऱ्या चार वर्षांचा झाला. पहिली मांड मीच टाकली, बिनजिनाची, ओढ्याच्या वाळूत, पडलो तरी लागू नये म्हणून. पडलो नाही. तो दुडक्या चालीनं निघाला आणि मोरखीला बोट लावताच उभा राहिला. तसा मी त्याच्यावर सारा आठवडाभर बसलो असेन.

मग पंच बसले. सहाशे रुपये किंमत झाली. आम्ही तीनशे देऊन त्याला ठेवायचा, किंवा म्हातारीनं आम्हाला तीनशे द्यायचे आणि न्यायचा. मी आबांकडं बघत होतो. वडिलांनी विहिरीचं कर्ज काढलेलं होतं. म्हातारीकडं रोख नव्हती. तिनं दोन गाभण मेंढ्या, एक काळं घोंगडं आणि वरचे काही रुपये पुढं ठेवले. दुष्काळात तिची दोन घोडी गेली होती, बिऱ्हाड बायकांच्या डोक्यावर आलं होतं. आबांनी माझ्याकडं न बघताच मेंढ्यांचे कान चाचपले. वाडा हलला तेव्हा मी घरात जाऊन झोपलो. झोप कसली.

अलीकडं भीमथडीची नोंद देशी घोड्यांची आठवी जात म्हणून सरकारदरबारी झाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती यांच्या पंगतीला आमचं तट्टू बसलं. त्यासाठी मोजमापं घ्यावी लागली ती वाड्यांवरच्या घोड्यांची. बातमी वाचली तेव्हा मला कुंभाराची गाढवी आठवली.

पाखऱ्याला मी पुन्हा एकदाच बघितलं, १९७७च्या जेठात. आभाळ भरून आलेलं, वाडा घाईत होता आणि आमच्याकडं न थांबता सडकेनं सरळ चाललेला. रांगेतलं तिसरं घोडं एकदम बाजूला झालं आणि ओझ्यासकट आमच्या बोळात शिरलं. वर उलटी बाज, तिच्या चार पायांच्या मधे घोंगड्यात बांधलेलं वर्षाचं पोर, झोपलेलं. ज्या दगडी डोणीवर त्याला पहिल्यांदा पाणी पाजलं होतं तिथं येऊन त्यानं तोंड लावलं. बाज भिंतीला घासू नये म्हणून अंग वाकडं करून उभा राहिला. आज्जी घरातून गुळाचा खडा घेऊन आली, तीच आज्जी. मागून नात पळत आली, तिनं त्याला हाक मारली नाही की दोर धरला नाही. पाणी पिऊन होईस्तोवर ती उंबऱ्याशी उभी राहिली. मग तिनं नुसती जीभ टाळ्याला लावून टक केलं, तसा तो वळला, आणि दोघं सडकेला लागली.